सहा महिन्यांचा मुक्काम: लंडनमधल्या मराठी घरांत आई-बाबा राहायला येतात, त्यामागचा इतिहास

लंडनमधल्या मराठी घरात आई-बाबा यायचे म्हटलं की बऱ्याच गोष्टी न बोलता ठरलेल्या असतात. मुक्काम सहा महिन्यांच्या आतला. खर्च मुलाचा किंवा मुलीचा. येताना बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ. शक्यतो एप्रिल ते सप्टेंबर, बाळंतपण असेल तर ऋतू कोणताही चालतो. वर्षानुवर्षं असंच चालत आल्यामुळे ही आपली कौटुंबिक रीत वाटते. पण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी कायद्याने, परकीय चलनाच्या नियमाने किंवा इंग्लंडमधल्या घरांच्या बांधणीने घडवली आहे. ते कसं घडलं हे माहीत असलं की कुठे जोर लावायचा आणि कुठे उगाच धावपळ करायची नाही, हे कळतं.

दुसऱ्या महायुद्धाआधी लंडनला आलेला मराठी माणूस बहुधा विद्यार्थी असे, आणि तो स्वतःच कुणाच्या तरी घरी भाड्याने राहत असे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये १०, किंग हेन्रीज रोडला असेच राहिले होते. ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. बोटीचा प्रवास आठवड्यांचा, त्यामुळे आई-वडिलांनी भेटीला यायचा प्रश्नच नव्हता. घरच्यांची जागा ओळखीची माणसं घेत. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये लंडनचं महाराष्ट्र मंडळ सुरू झालं ते याच काळात. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि अंतर आठवड्यांवरून दिवसांवर आलं. तरीही सामान्य घरातल्या आई-वडिलांचा प्रवास आणखी काही दशकं दुर्मीळच राहिला. तिकीट महाग होतं, पण त्याहून मोठी अडचण परकीय चलनाची होती.

१९६०-७० च्या दशकांत भारतातून बाहेर जाणाऱ्याला हातात जेमतेम काही पौंड किंवा डॉलर मिळत; आठ डॉलर घेऊन निघालेल्यांच्या आठवणी त्या पिढीत घरोघरी आहेत. प्रवासासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा 'पी फॉर्म' लागे, आणि परदेशातला माणूस राहण्या-जेवण्याची जबाबदारी घेतो आहे हे कागदावर दाखवावं लागे. पासपोर्टसुद्धा १९६७ पर्यंत हक्काने मिळत नसे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी प्रकरणात परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्यानंतर पासपोर्टचा कायदा झाला. आई-बाबांचा सगळा खर्च यजमानाने करायचा ही पद्धत या काळात पक्की झाली, कारण दुसरा मार्गच नव्हता. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची मुभा दिली, आणि आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. म्हणजे निवृत्तिवेतनावर जगणारे आई-वडीलही आपला खर्च स्वतः उचलू शकतात. व्हिसाच्या अर्जात हे मोलाचं ठरतं, पण आजही पुष्कळ मुलं अर्जात सगळा भार स्वतःवर घेतात आणि आई-वडिलांची बाजू कागदावर कमकुवत करून ठेवतात.

आता ब्रिटिश बाजू. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने कायमचं येणं आवळलं आणि १९७१ च्या कायद्याने आजची चौकट घातली, पण भेटीला येणाऱ्या भारतीयाला १९८६ पर्यंत आधी व्हिसा काढावा लागत नसे. विमान हीथ्रोला उतरलं की काउंटरवरचा अधिकारी ठरवायचा. निमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवायची सवय तेव्हाची आहे, आणि ती आजही सोडू नये. १९८६ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरियाच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा झाला. निर्णय विमानतळावरून उचलून अर्जाच्या टेबलावर गेला आणि कागदपत्रांचं युग सुरू झालं. १९९४ पासून लागू असलेल्या नियमावलीने पाहुण्याला जास्तीत जास्त सहा महिने दिले. आपल्या घरांतला 'सहा महिने' हा आकडा तिथून आला आहे.

नकार मिळाला तर दाद मागता येते का, हा प्रश्न तीनदा उलटसुलट झाला. १९९३ च्या कायद्याने पाहुण्यांचा अपिलाचा हक्क काढला, २००० मध्ये कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांपुरता तो परत मिळाला, आणि जून २०१३ पासून तो पुन्हा गेला. त्याच वर्षी भारतासह सहा देशांच्या काही पाहुण्यांकडून ३,००० पौंडांची अनामत घेण्याची योजना जाहीर झाली होती. नोव्हेंबरात ती गुंडाळावी लागली. अपील नाही याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की पहिलाच अर्ज पूर्ण हवा. नंतर खुलासा देऊन निर्णय फिरवायची सोय नाही, नवीन फी भरून नवा अर्ज करावा लागतो.

अर्ज कुठे अडतात ते जवळपास ठरलेलं आहे. अर्जाच्या आदल्या महिन्यात आईच्या खात्यात अचानक चार-पाच लाख येतात आणि त्यांचा उगम सांगणारा कागद नसतो. मुलाच्या पगाराच्या पावत्या सहा महिन्यांच्या जोडलेल्या असतात, पण आई-वडील परत का जातील हे दाखवणारं काहीच नसतं. निवृत्तिवेतनाचं पुस्तक, घराची करपावती, शेतीचा सातबारा, गावी राहणाऱ्या दुसऱ्या मुलाचा किंवा सुनेचा उल्लेख, चालू असलेले उपचार, हे सगळं तिथे उपयोगी पडतं. मराठीतला कागद असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावं, आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क असावा. निमंत्रणपत्र एका पानाचं पुरे: कोण, कधीपासून कधीपर्यंत, कुठे झोपणार, कोण कशाचा खर्च करणार. त्यातल्या तारखा, अर्जातल्या तारखा आणि तुमच्या रजेच्या तारखा जुळल्या पाहिजेत.

या सगळ्याला धार आली ती ९ जुलै २०१२ ला. त्याआधी पासष्टीच्या पुढची विधवा आई, किंवा दोघांपैकी एक पासष्टीच्या पुढचे आई-वडील, मुलावर प्रामुख्याने अवलंबून असतील तर त्यांना कायमचं बोलावण्याची वाट नियमांत होती. नव्या नियमांनी ती जवळजवळ बुजवली. आता रोजच्या साध्या कामांसाठीही दीर्घकाळ दुसऱ्याचा हात लागतो आणि तशी काळजी मायदेशात मिळूच शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावं लागतं. पुण्या-मुंबईत पैसे देऊन मदतनीस मिळते, त्यामुळे बहुतेक मराठी कुटुंबं या कसोटीत बसत नाहीत. परिणाम असा की पाहुणा म्हणून येणं हीच एकत्र राहण्याची एकमेव वाट उरली. आधी भेट होती, तिचं आलटून-पालटून राहणं झालं. हा निर्णय म्हाताऱ्या माणसांवर फार कठोर आहे आणि तो बदलावा असं आम्हाला मनापासून वाटतं. पण जोवर तो आहे तोवर आई-वडिलांनी भारतातलं घर, बँक आणि डॉक्टर चालू ठेवलेच पाहिजेत.

बाळंतपणासाठी आजी येते, त्याबद्दल नियम काय म्हणतो हे स्पष्ट माहीत असावं. नात्यातल्या पाहुण्याने मुलांना सांभाळायला हरकत नाही, मात्र येण्याचा हेतू खरोखर भेटीचा हवा आणि ती बिनपगारी सांभाळणारी बाई म्हणून आलेली नसावी. "सून कामावर रुजू होणार म्हणून बाळाला सांभाळायला" असं पत्रात लिहिलं की अर्ज नेमका त्या ओळीवर अडतो.

घराकडे वळलं की इतिहास भिंतींत दिसतो. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो भागात आपली माणसं ज्या घरांत राहतात त्यांतली असंख्य घरं दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली आहेत. वर दोन मोठ्या खोल्या, एक चिमुकली बॉक्स रूम, आणि एकुलतं एक संडास-न्हाणीघर तेही वरच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून दहा वेळा जिना चढावा लागतो. १९९९ नंतर नव्या घरांना तळमजल्यावर संडास सक्तीचा झाला, म्हणून भाड्याने घर शोधताना ते कधी बांधलं हे आधी विचारावं. जुन्या घरात जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला तर फरक पडतो. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी.

खोलीचं माप कायद्यात आहे आणि ते १९३५ पासूनचं आहे. आज ते १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात सापडतं. ११० चौरस फूट किंवा अधिक असलेली खोली दोघांची, ७० ते ९० एकाची, आणि ५० च्या खालची खोली झोपायची म्हणून धरतच नाहीत. सहा बाय सातची बॉक्स रूम म्हणजे ४२ चौरस फूट. अर्जात ती 'आई-बाबांची खोली' म्हणून दाखवू नये. मोठी खोली त्यांना द्यावी, आपण मुलांसोबत झोपावं. बैठकीची खोलीही मोजणीत धरली जाते. एरवी दुसरीकडे राहणारा नातेवाईक तात्पुरता झोपायला आला म्हणून घरात राहणाऱ्यावर गर्दीचा गुन्हा होत नाही, अशी सवलत त्याच कायद्यात आहे. भाडेकराराचं मात्र वेगळं असतं. बऱ्याच करारांत पाहुण्याने सलग किती दिवस राहावं याचं कलम असतं. ते वाचून एजंटाला आधीच ईमेल करावा.

सगळ्यात जास्त नुकसान न्हाणीघरात होतं. इथल्या न्हाणीघराच्या जमिनीला उतार नसतो आणि पाणी जायला जाळीही नसते. फरशीखाली लाकडी तळ असतो. बादली-तांब्याची सवय असलेल्या माणसाने टबाबाहेर अंघोळ केली की पाणी सांध्यांतून खाली झिरपतं. छतावर पिवळा डाग दिसेपर्यंत आठवडे गेलेले असतात. फ्लॅट असेल तर छत शेजाऱ्याचं असतं. म्हणून १५ ते २० लिटरची बादली टबातच ठेवावी, टबात तळाला चिकटून बसणारी रबरी चटई, भिंतीला स्क्रूने बसवलेला हातधरा (नुसता चिकटवलेला नको, वजन पडलं की निघतो), आणि बसून अंघोळीसाठी टबावर आडवी टाकायची फळी. ती दुकानात सहज मिळते. संडासात जेट स्प्रे स्वतः बसवू नये. १९९९ च्या पाणी जोडणी नियमांत ती सर्वांत धोकादायक वर्गातली जोडणी आहे, कारण घाण पाणी मुख्य नळात उलटं शिरू शकतं. परवानाधारक प्लंबर हवा. तोवर तांब्या पुरतो.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो आणि घरात एकटी असलेली माणसं घाबरतात. स्वयंपाकघराचं दार बंद, पंखा फोडणीच्या दोन मिनिटं आधी सुरू, आणि घर स्वतःचं असेल तर स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म. बंद करायचं बटण पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावं. हीटिंग २० ते २१ अंशांवर टायमरने लावलेलं बरं. वीजबिलाच्या धास्तीने आई-बाबा ते बंद करून शाल पांघरून बसतात, आणि १८ च्या खाली गेलेलं घर म्हाताऱ्या माणसाच्या रक्तदाबाला चांगलं नाही.

आजारपणाबद्दल समजुती फार जुन्या आहेत. परदेशी पाहुण्यांकडून रुग्णालयाचा खर्च घेणं १९८२ मध्ये सुरू झालं. २०१५ पासून हा दर मूळ खर्चाच्या दीडपट आहे, आणि ऑक्टोबर २०१७ पासून तातडीचे नसलेले उपचार आगाऊ पैसे भरल्याशिवाय मिळत नाहीत. इंग्लंडमध्ये जीपीची (भागातल्या डॉक्टरची) तपासणी सगळ्यांना मोफत आहे आणि ए अँड ईमधले (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातले) उपचारही; पण तिथून वॉर्डात दाखल केलं की त्या क्षणापासून बिल सुरू. ५०० पौंड किंवा अधिक बाकी दोन महिने थकली तर पुढचा व्हिसा नाकारता येतो. विमा निघण्याआधी भारतातच घ्यावा आणि मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी हे सगळं फॉर्मवर लिहावं. लपवलेल्या आजारावरच दावा फेटाळला जातो. साठीनंतरच्या पॉलिसींत प्रत्येक आजाराला वेगळी मर्यादा असते, ती बारीक अक्षरांत वाचावी.

भारतीय डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन इथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. पूर्ण मुक्काम अधिक दोन आठवड्यांच्या गोळ्या मूळ पाकिटांत आणाव्यात, सोबत मूळ औषधाचं नाव लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, कारण भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम) आणि ट्रामाडॉल वेगळ्या यादीत येतात. त्यांचा तीन महिन्यांचा किंवा जास्तीचा साठा न्यायला होम ऑफिसचा (ब्रिटिश गृहखात्याचा) परवाना लागतो, म्हणून तेवढ्यासाठी तरी जीपीकडे नाव नोंदवून ठेवावं.

बॅगेत साजूक तूप, खव्याचे पेढे, चक्का नको: युरोपबाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मेतकूट, पापड, आमसुलं, भाजणी खुशाल आणावी. तूप वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळतं.

बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. दोघांना दोन वेगळी ऑयस्टर कार्डं (पैसे भरून टेकवायची प्रवासाची कार्डं) द्यावीत; एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. साठीपुढच्यांचे मोफत पास फक्त इथल्या रहिवाशांना आहेत. पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी बस फुकट असते, फक्त तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. दुपारी एकट्या पडलेल्या माणसाला वाचनालय, बाग आणि मंदिर अशा तीन ठिकाणांचे बस नंबर कागदावर लिहून दिले की दिवस जातो. डिसेंबरात चारच्या आतच अंधार पडतो, तेव्हा हे सकाळी उरकावं लागतं.

परतीचं तिकीट सहा महिने पुरे व्हायच्या निदान दोन आठवडे आधीचं काढावं; ताप आला किंवा विमान रद्द झालं तर तेवढी जागा लागते. मुदत प्रत्येक प्रवेशाच्या दिवसापासून मोजतात. दोन, पाच किंवा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी एका खेपेला सहाच महिने. वर्षात एकूण किती दिवस याचा आकडा नियमात नाही, पण लागोपाठच्या खेपांमुळे हे घरच त्यांचं मुख्य घर झालं आहे असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो प्रवेश नाकारू शकतो. म्हणून परत गेल्यावर निदान तेवढेच महिने भारतात काढून मगच पुढचं तिकीट घ्यावं, आणि त्या काळातल्या वीजबिलांच्या व बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात.