डेलचे सुटे अंक आणि डेलच्या मालिका: एकाच कॉमिकचे दोन क्रमांक

डिस्नेच्या 'अंकल स्क्रूज' या बदकाच्या कॉमिकचे पहिले तीन अंक कुठे मिळतील, हा प्रश्न जुनी अमेरिकी प्राण्यांची कॉमिक्स जमवायला लागलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. चौथ्यापासून पुढचे अंक विक्रीच्या याद्यांमध्ये दिसतात, पण मुखपृष्ठावर १, २ किंवा ३ छापलेला, डेल या अमेरिकी प्रकाशकाचा अंक काही केल्या सापडत नाही. आणि त्याच वेळी दुसरीकडे कुणीतरी 'अंकल स्क्रूज, अंक ३८६' अशी जाहिरात देऊन बसलेला असतो. घेणाऱ्याला वाटतं, हा कुठला तरी बराच नंतरचा अंक असणार. प्रत्यक्षात ३८६ हाच पहिला अंक आहे. हा घोळ सोडवायला पाच मिनिटं पुरतात, तरी तो वर्षानुवर्षं चालूच आहे. त्यात घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात आणि चांगले अंक चुकीच्या नावाखाली पडून राहतात.

नियमित मालिका सगळ्यांना माहीत असते, तिच्यावर फार बोलायला नको. 'वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज' ऑक्टोबर १९४० मध्ये १ पासून सुरू झाली आणि आकडा एकेकाने पुढे जात राहिला. स्क्रूजचे जनक, चित्रकार-लेखक कार्ल बार्क्स यांच्या डोनाल्ड डकच्या दहा पानी गोष्टी एप्रिल १९४३ च्या ३१ व्या अंकापासून सुरू होतात. १९६२ मध्ये मुखपृष्ठावर डेलच्या जागी गोल्ड की या नव्या प्रकाशनाचं नाव आलं, तेव्हाही क्रम तुटला नाही: डेलचा शेवटचा २६३, गोल्ड कीचा पहिला २६४. अशा मालिकेत मधला आकडा तुमच्याकडे नसेल, तर तो अंक तुमच्याकडे नाही. हिशेब सरळ आहे.

सुट्या अंकांचा हिशेब मात्र निराळा. विस्कॉन्सिनमधल्या रसीन शहरातली वेस्टर्न ही कंपनी गोष्टी, चित्रं आणि छपाई पाहायची. पैसा आणि वितरण डेलचं. एखादं पात्र स्वतःच्या नावावर खपेल का, हे बघायला त्यांनी एकेक सुटा अंक काढायला सुरुवात केली आणि ते सगळे अंक एकाच रांगेत क्रमांक देऊन बसवले. संग्राहक या रांगेला 'फोर कलर' म्हणतात. १९३९ ते १९६२ इतका काळ ती चालली. तिची पहिली फेरी फक्त २५ अंकांची. मग १९४२ मध्ये मोजणी पुन्हा १ पासून सुरू झाली आणि १३५४ पर्यंत गेली. वीस वर्षांत तेराशेहून जास्त, म्हणजे सरासरी महिन्याला पाचाहून जास्त अंक. त्यात बदकं, ससे आणि डुकरं होतीच, पण काउबॉय होते, वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांचे नायक होते, सिनेमांवर बेतलेले अंकही होते.

खरी ठेच लागते ती इथे. फोर कलरचा क्रमांक त्या रांगेचा असतो, पात्राचा नसतो. आपल्याकडे जुन्या पुस्तकांवर 'अमुक ग्रंथमाला, पुष्प २७ वे' असं छापलेलं असायचं. त्यावरून कुणी असं समजत नाही की त्या लेखकाचं हे सत्ताविसावं पुस्तक आहे. ३८६ हा असाच पुष्पाचा आकडा आहे. डोनाल्डचे ३७९ आणि ३९४ हे दोन सुटे अंक लागोपाठचे आहेत. मधले चौदा आकडे डोनाल्डचे नाहीतच. स्क्रूजचा ३८६ त्या चौदांपैकीच एक. तरीही 'माझ्याकडे डोनाल्डचे ३८० ते ३९३ नाहीत' म्हणून यादी करून फिरणारे भेटतात. ती यादी फाडून टाकावी.

हा गैरसमज होण्याला कारणही आहे. 'फोर कलर' हे नाव सुरुवातीच्या अंकांवर छापलेलं असायचं, पण साधारण शंभराव्या अंकानंतर ते गळालं. पुढच्या अंकांच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत पात्राचं नाव, डेलची खूण, किंमत आणि नुसता क्रमांक एवढंच दिसतं. 'अंकल स्क्रूज' आणि '३८६' एकाच पानावर पाहिले की डोळा ते जोडणारच. कंपनीच्या आत या अंकांना 'वन शॉट' म्हणत. गोष्टीच्या पहिल्या पानावर, चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत 'ओ. एस.' आणि क्रमांक लिहिलेला सापडतो, तो त्याचाच संक्षेप. ही बारीक ओळ ओळखायला प्रत्येकाने शिकावं. मुखपृष्ठ फाटलेला अंक रद्दीत हाती लागला तर दुसरा पुरावा बहुधा उरलेला नसतो.

आता घोळाचा दुसरा पदर. सुटे अंक खपले की पात्राला स्वतःची मालिका मिळायची. मग तिचा पहिला क्रमांक कोणता? डेलने आधीचे सुटे अंक मोजून पुढचा आकडा दिला. स्क्रूजचे सुटे अंक तीन: मार्च १९५२ चा ३८६, मार्च १९५३ चा ४५६ आणि सप्टेंबर १९५३ चा ४९५. त्यामुळे मालिका सुरू झाली ती ४ पासून, डिसेंबर १९५३ ते फेब्रुवारी १९५४ या अंकाने. म्हणजे 'स्क्रूज १' म्हणतात तो ३८६, '२' म्हणजे ४५६ आणि '३' म्हणजे ४९५. यापलीकडे काहीही शोधायचं शिल्लक नाही. डॅफी डकचंही असंच: ४५७, ५३६, ६१५ आणि मग मालिकेचा ४. चिप अँड डेल (हा डेल म्हणजे खारीचं नाव, प्रकाशक नव्हे): ५१७, ५८१, ६३६ आणि मग ४. ट्वीटी अँड सिल्व्हेस्टर: ४०६, ४८९, ५२४, पुन्हा ४.

एवढ्यावरून 'सुटे अंक मोजा आणि एक मिळवा' असा नियम करून टाकण्याचा मोह होतो. करू नका. डोनाल्डची मालिका नोव्हेंबर १९५२ मध्ये २६ पासून सुरू झाली, म्हणजे आधी २५ सुटे अंक हवेत. दोन्ही फेऱ्यांतले त्याचे अंक मोजले तर ते २५ हून जास्त भरतात. म्हणून 'डोनाल्ड डक ७' म्हणजे नेमका कोणता सुटा अंक, याला पक्कं उत्तर नाही, आणि असा आकडा सांगून अंक विकणाऱ्याला त्याचा फोर कलर क्रमांक विचारलाच पाहिजे. बग्ज बनी आणि मिकी माउस दोघेही २८ पासून सुरू होतात. या मोठ्या, जुन्या पात्रांचे आरंभीचे आकडे अंदाजे दिलेले समजावेत. नंतरच्या 'तीन सुटे, मग चौथा' या छोट्या हिशेबावर मात्र भरवसा ठेवता येतो. वॉल्ट केली यांच्या पोगो या पात्राने तर दोन्ही पद्धती मोडल्या: सुटे अंक १०५ आणि १४८, आणि १९४९ मधली स्वतःची मालिका थेट १ पासून. शिवाय काही पात्रांना मालिका मिळालीच नाही. डेझी डकची डायरी ६००, ६५९, ७४३ अशी सुट्या अंकांतच चालत राहिली. तिथे 'डेझी १' असं काही म्हणूच नये.

पहिला अंक आणि पहिलं दर्शन यांचीही गल्लत होते. स्क्रूज प्रथम दिसला तो डिसेंबर १९४७ च्या फोर कलर १७८ मध्ये, 'ख्रिसमस ऑन बेअर माउंटन' या गोष्टीत. तो अंक डोनाल्डचा. स्क्रूजच्या स्वतःच्या नावाचा पहिला अंक ३८६, 'ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन' ही त्यातली मोठी गोष्ट. दोन्ही महत्त्वाचे, पण एकाची किंमत देऊन दुसरा घरी आणू नका.

दोन फेऱ्यांमुळे लहान क्रमांकही दोनदा येतात. १९४० चा डोनाल्डचा ४ आणि १९४१ चा मिकी व फँटम ब्लॉटचा १६ हे पहिल्या फेरीतले. १९४२ चा डोनाल्डचा ९, बार्क्स आणि जॅक हॅना यांनी काढलेला 'पायरेट गोल्ड', दुसऱ्या फेरीतला. २५ च्या आतला आकडा सांगताना फेरी किंवा वर्ष न सांगणं हा निष्काळजीपणा आहे.

बाकीचे फरक किरकोळ. गोल्ड की किंवा व्हिटमनची खूण असेल तर तो अंक फोर कलर नाही, मग आतली गोष्ट कितीही जुनी असो. 'मार्च ऑफ कॉमिक्स' ही दुकानांतून फुकट वाटायच्या अंकांची वेगळी रांग. तिच्यातला ४ म्हणजे बार्क्स यांचा १९४७ चा 'महाराजा डोनाल्ड'. तो फोर कलर ४ नव्हे. १९६२ मध्ये फोर कलरची रांग संपता संपता डेलने लांब सांकेतिक आकडे छापायला सुरुवात केली. गायरो गिअरलूजचे १०४७, १०९५ आणि ११८४ हे फोर कलर, पण त्याच्या चौथ्या अंकावर ०१-३२९-२०७ असा आकडा आहे. त्यातल्या शेवटच्या तीन आकड्यांत वर्ष आणि महिना असतो: २०७ म्हणजे १९६२, जुलै.

नोंदवहीत प्रत्येक सुट्या अंकासाठी चार गोष्टी लिहाव्यात: पात्र, फोर कलर क्रमांक, महिना-वर्ष आणि मुख्य गोष्टीचं नाव. मालिकेतला मानलेला आकडा कंसात, तोही पक्का असेल तरच. इनडक्स या डिस्ने कॉमिक्सच्या सूचीत स्क्रूजचा पहिला अंक 'ओएस ३८६' असाच नोंदवलेला आहे, चौथा मात्र 'यूएस ४' (यूएस म्हणजे अंकल स्क्रूज). शोध नेहमी फोर कलर क्रमांकाने घ्यावा. कपाटात अंक लावताना मात्र क्रमांकाने लावू नयेत. संपूर्ण फोर कलर जमवणारा विरळा. बाकीच्यांनी पात्रानुसार, तारखेच्या क्रमाने लावावेत. ३८६, ४५६, ४९५ आणि त्यांच्या शेजारी ४, ५, ६. हीच वाचायची ओळ आहे.

दुरून अंक मागवताना चार फोटो मागावेत: क्रमांक स्पष्ट दिसेल असं मुखपृष्ठ, आतल्या बाजूला प्रकाशनाचा तपशील छापलेली जागा, पहिल्या पानाची ती बारीक 'ओ. एस.' ओळ आणि मधलं जोडपान. ३६ पानी अंकात मुखपृष्ठ सोडून ३२ पानं, म्हणजे दुमडलेले आठ ताव असतात. कधी कधी सगळ्यात आतला ताव पिनांवरून सुटून हरवलेला असतो, आणि अंक वरवर चाळला तर ते कळत नाही. गोष्ट चौदाव्या पानावरून एकदम एकोणिसाव्यावर उडी मारते. पान १६ आणि १७ समोरासमोर असलेला फोटो मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पिना गंजतात आणि गंज कागदात उतरतो, म्हणून अंक आल्या आल्या दोन्ही पिनांभोवतीची जागा तपासा. आणि क्रमांक लक्षात राहावा म्हणून मुखपृष्ठावर पेनाने काहीही लिहू नका. चिठ्ठी पिशवीच्या बाहेर चिकटवा.