पार्श्वभूमी: महायुद्धातले बॉम्बर आजही उडतात, ते कशामुळे

दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर विमान आकाशात बघायचं, तर आज जागा मोजक्याच उरल्या आहेत. ब्रिटिश बनावटीची लँकॅस्टर 7,377 तयार झाली होती. त्यातली दोन उडतात, एक इंग्लंडात लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबी तळाचं आणि दुसरं कॅनडात ओंटारिओतल्या हॅमिल्टनचं. अमेरिकेच्या जवळपास चार हजार बी-29 पैकीही दोनच पुन्हा उडती झाली, डॅलसची ‘फिफी’ आणि विचिटाची ‘डॉक’. बी-17 साठी युरोपात डक्सफर्डची ‘सॅली बी’, बाकीची अमेरिकेत. लिबरेटर म्हणजे बी-24 तर 18,000 हून जास्त बनली, आणि आज दौऱ्यांवर दिसणारं नाव मुख्यतः एकच, ‘डायमंड लिल’. भारतात उडतं बॉम्बर एकही नाही. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात लिबरेटर आहे, पण ते जमिनीवर.

ही विमानं कुणी तरी आठवण म्हणून जपली, असा सर्वसाधारण समज असतो. तसं झालेलं नाही. युद्ध संपल्यावर बॉम्बर भंगारात निघाले, आणि ज्यांना दुसरं काही काम मिळालं तेवढेच वाचले. ‘सॅली बी’ 1945 मध्ये तयार झाली, युद्धात गेलीच नाही. फ्रान्समध्ये तिने नकाशांसाठी हवाई छायाचित्रण केलं आणि 1975 मध्ये ती इंग्लंडला आली. कोनिंग्जबीचं लँकॅस्टर जपानविरुद्धच्या आघाडीसाठी बांधलं होतं. तोवर लढाई संपली आणि त्याला आफ्रिकेच्या मोजणीच्या कामाला लावलं. ‘डायमंड लिल’ 1941 मध्येच उतरताना मोडलं, त्याचं मालवाहू विमान झालं, पुढे ते डबे बनवणाऱ्या एका कंपनीकडे आणि नंतर मेक्सिकोतल्या तेल कंपनीकडे साहेबांची ने-आण करत राहिलं. ‘फिफी’ आणि ‘डॉक’ कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात नेमबाजीचं लक्ष्य म्हणून उभ्या होत्या. आज ज्यांच्याकडे बघून लोकांचे डोळे भरून येतात, त्यातल्या बहुतेकांनी युद्धात एकही बॉम्ब टाकलेला नाही.

या हिशोबात भारताचा वाटा मोठा आहे, आणि त्याची नोंद आपल्याकडे फारच कमी घेतली जाते. अमेरिकेने ब्रिटिशांना लिबरेटर दिली ती उधार-उसनवारीच्या करारावर. युद्ध संपलं की परत करा किंवा नष्ट करा, अशी अट होती. पूर्वेकडची लिबरेटर कानपूरला चकेरीत गोळा झाली आणि तिथेच निकालात काढण्यात आली. चालत्या इंजिनात माती टाकली, उपकरणांच्या फळ्या फोडल्या, पत्र्याला भोकं पाडली. परत कुणाच्या उपयोगी पडू नयेत, हाच हेतू होता.

1948 मध्ये काश्मीरची लढाई चालू होती आणि नव्या देशाकडे जड बॉम्बर नव्हते. तेव्हा बेंगळुरूच्या विमान कारखान्याची माणसं कानपूरला आली. या सांगाड्याचा पंख, त्या सांगाड्याचं इंजिन, असं करत त्यांनी एकेक विमान निदान एका उड्डाणापुरतं उभं केलं. कारखान्याच्या एका चाचणी वैमानिकाने ती बेंगळुरूला उडवत नेली, तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हवाई दलाची पहिली बॉम्बर स्क्वाड्रन उभी राहिली. एकूण चाळीसच्या आसपास विमानं अशी जिवंत झाली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरून ती समुद्रावरच्या टेहळणीला जात. शेवटची 1968 मध्ये निवृत्त झाली. पुण्याच्या जुन्या लोकांना चार इंजिनांची ती घरघर माहीत असणार.

जगात इतरत्र लिबरेटर तोवर जवळपास संपली होती. म्हणून परदेशी संग्रहालयांची नजर भारताकडे वळली. एक कॅनडाला गेलं, बदल्यात आपल्याला लायसँडर हे महायुद्धातलंच छोटं ब्रिटिश विमान मिळालं, तेही पालमलाच आहे. एक 1969 मध्ये ॲरिझोनात टूसॉनला गेलं, एक 1974 मध्ये इंग्लंडला. आणखी एक 1981 मध्ये एका ब्रिटिश संग्राहकाने घेतलं, सुटं करून इंग्लंडला नेलं, आणि काही वर्षांत अमेरिकेतल्या एका संस्थेला विकलं. त्या संस्थेने ते 1989 मध्ये पुन्हा उडवलं. कानपूरच्या ढिगाऱ्यातून वाचलेलं हे विमान पुढे तीस वर्षं अमेरिकेतल्या शहराशहरांतून फिरलं.

हा दौरा चालायचा तो तिकिटांवर, आणि खरा वाद इथेच आहे. लढाऊ बनावटीच्या जुन्या विमानांतून पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत; ती प्रवासी विमानाच्या मानकांवर बांधलेलीच नसतात. अमेरिकेच्या हवाई नियामकाने 1990 च्या दशकात यातून एक वाट काढून दिली. इतिहासाचा अनुभव म्हणून, ठरावीक अटींवर, संस्थांनी प्रवाशांकडून पैसे घ्यावेत. ही सवलत कितीही तांत्रिक वाटली तरी उडत्या बॉम्बरचं सगळं अर्थकारण तिच्यावर उभं राहिलं. चार इंजिनांचं इंधन, तेल, सुटे भाग, विमा हे नुसत्या देणग्यांवर भागत नाही. नकाशे काढणं, आगी विझवणं ही कामं संपल्यावर प्रवासी नेणं हेच या विमानांचं शेवटचं काम ठरलं.

लिबरेटरच्या त्याच ताफ्यात ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-17 होतं. 1952 च्या अणुचाचण्यांत उभं केलेलं, नंतर वीस वर्षं जंगलातल्या आगींवर पाणी टाकलेलं विमान. 2 ऑक्टोबर 2019 ला कनेटिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावरून ते 13 जणांना घेऊन उडालं. काही मिनिटांतच उजव्या बाजूच्या टोकाचं, चौथ्या क्रमांकाचं इंजिन बिघडलं, ते बंद करून वैमानिक मागे वळला, आणि विमान धावपट्टीच्या आधीच टेकून बाजूच्या टाकीवर आदळलं. सात जण गेले, त्यात पाच प्रवासी.

चौकशी अहवाल वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. त्या इंजिनाच्या एका मॅग्नेटोची, म्हणजे स्पार्क प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाची, तार जागेवरून निसटलेली होती आणि तारेनेच बांधून ठेवलेली. तिसऱ्या इंजिनाच्या स्पार्क प्लगमधली फट वाजवीपेक्षा जास्त होती, म्हणजे उजवीकडची दोन्ही इंजिनं पूर्ण ताकद देत नव्हती. विमान उडवणारा माणूसच संस्थेच्या देखभालीचाही प्रमुख होता. नियामकाची देखरेख अपुरी पडली, हेही अहवालाने लिहिलं. मार्च 2020 मध्ये त्या संस्थेची सवलत काढून घेण्यात आली.

त्यावर दोन तट पडले, ते आजही आहेत. एकांचं म्हणणं, एवढी दुर्मीळ विमानं उडवूच नयेत. दुसरे म्हणतात, उडालं नाही की पैसा आटतो आणि चार-पाच वर्षांत ते विमान कायमचं जमिनीला खिळतं. मला दुसऱ्यांचं पटतं. पण अडचण वय नाही, अडचण ही की तपासणारा आणि उडवणारा एकच असू शकत होता. 12 नोव्हेंबर 2022 ला डॅलसच्या प्रदर्शनात ‘टेक्सस रेडर्स’ या बी-17 ला किंगकोब्रा या जुन्या लढाऊ विमानाची धडक बसून सहा जण गेले. तिथे दोष विमानांत नव्हता. उंची आधी ठरवून न देता आयत्या वेळी सूचना देण्यावर सगळं सोडलं होतं. 2023 मध्ये बी-17 च्या पंखांच्या जोडांना तडे सापडण्याची भीती निर्माण झाली, आणि तपासणी झाल्याखेरीज उड्डाण नको असा आदेश निघाला. ‘सॅली बी’ तपासून परत उडाली.

म्हणून आज बघायला जाणाऱ्याला देशोदेशी वेगळी पद्धत दिसते. कोनिंग्जबीचं लँकॅस्टर हवाई दलाचं, त्यात तिकीट काढून बसता येत नाही. हॅमिल्टनला सभासद होऊन, पैसे भरून बसता येतं. ‘फिफी’ आणि ‘डॉक’मध्येही जागा विकल्या जातात. 2014 मध्ये हॅमिल्टनचं विमान अटलांटिक ओलांडून गेलं आणि दोन्ही लँकॅस्टर इंग्लंडच्या आकाशात एकत्र उडाली.

लिंकनशायरमध्येच ईस्ट कर्कबीला तिसरा मार्ग चालू आहे. तिथलं लँकॅस्टर ‘जस्ट जेन’ पैसे भरलेल्यांना घेऊन चारही इंजिनांवर जमिनीवर धावतं, हवेत जात नाही. मोठा भाऊ बॉम्बरवर असताना मारला गेला म्हणून दोन शेतकरी भावांनी ते विकत घेतलं होतं. या फेऱ्यांच्या पैशातून त्याचं काम टप्प्याटप्प्याने, दर हिवाळ्यात थोडं थोडं, होत आलं आहे. ते उडालं तर उडती लँकॅस्टर दोनाची तीन होतील.