घरातून डार्ट्स लाइव्ह दाखवताना : आधी जागा, मग कॅमेरा

कॅमेरा घ्यायला आलेले ग्राहक बहुधा आधी विचारतात, "फोर-के आहे ना?" आम्ही मात्र आधी विचारतो, तो बोर्डापासून किती लांब राहणार? निवड या उत्तरावर ठरते. म्हणून खरेदीआधी टेप घेऊन भिंतीपाशी पाच मिनिटं घालवा.

बुल (बोर्डाचा मध्यबिंदू) जमिनीपासून १.७३ मीटरवर आणि फेकण्याची रेषा बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून २.३७ मीटरवर, एवढं तुम्ही केलेलंच असेल. बोर्डाचा व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, पण गुण दुप्पट-तिप्पट करणारी डबल आणि ट्रिपलची पट्टी जेमतेम ८ मिलिमीटरची. बाण पट्टीच्या कडेच्या तारेच्या आत बसला की बाहेर, हे इंटरनेटवर पलीकडून खेळणाऱ्याला तुमच्या चित्रावरूनच पटवायचं असतं. सगळा प्रश्न या ८ मिलिमीटरचा आहे.

साधा वेबकॅम कुठे कमी पडतो

वेबकॅम रुंद कोनाचा असतो, कारण तो टेबलासमोर बसलेल्या माणसांसाठी बनवलेला असतो. दीड मीटरवर लावला की १०८० ओळींच्या चित्रात बोर्ड चारेकशे ओळी व्यापतो, बाकी सगळी भिंत. डबलच्या पट्टीला सातेक पिक्सेल मिळतात. ७२० वर पाठवलंत तर पाचच. सॉफ्टवेअरमधल्या झूमने चित्र मोठं होतं, तपशील वाढत नाही. साठ सेंटिमीटरवर आणला तर बोर्ड चौकट भरून दिसतो खरा, पण तिथे कॅमेरा फेकीच्या वाटेत येतो. बाजूला सरकवावा, तर बोर्ड अंड्यासारखा दिसू लागतो.

हे चेपणं किती, ते कोनावर अवलंबून. बोर्डापासून एक मीटर पुढे आणि अर्धा मीटर बाजूला लावलात तर कोन २७ अंशांच्या आसपास जातो आणि बोर्डाची रुंदी ११ टक्के कमी दिसते. तोच अर्धा मीटर बाजूला, पण रेषेच्या जवळ, २.४ मीटरवर ठेवलात तर फरक जेमतेम दोन टक्के. लांबून झूम केलेलं चित्र जवळून घेतलेल्यापेक्षा सरस, ते यामुळे.

म्हणून बोर्डासाठी आम्ही बहुतेकांना हाताने झूम-फोकस फिरवता येणारी लेन्स असलेला यूएसबी कॅमेरा सुचवतो. २.८–१२ मिलिमीटर फोकल लांबीची लेन्स दीड-दोन मीटरपर्यंत पुरते. रेषेपाशी ठेवायचा असेल तर ५–५० घ्या. लेन्सवरचे छोटे स्क्रू एकदा कसून टाका, म्हणजे फोकस हलणार नाही. फोर-केचा आग्रह त्यानंतर धरायचा असेल तर धरा. घरात दोन-तीन पट ऑप्टिकल झूमचा जुना फोन पडून असेल, तर आधी तोच लावून बघा. आमची विक्री एकाने कमी होईल, हरकत नाही.

उंची आणि बाजू

बाण बोर्डात बसतो तो सहसा शेपूट थोडी वर करून. कॅमेरा वरून खाली पाहत असेल तर पुढे आलेली फ्लाइट (बाणाच्या शेपटीचे पंख) नेमकी टोकाखालच्या भागावर येते. ट्रिपल २० मध्ये दोन बाण असले की तिसरा कुठे लागला ते कळतच नाही. बुलच्या उंचीवर बाजूने पाहिलं की फ्लाइट बाजूला सरकते आणि टोक उघडं दिसतं. खालून तर त्याहून स्पष्ट दिसतं, पण उडून पडणारे बाण तिथेच येतात. काच फुटेल. डावी की उजवी? खेळाडू बाण काढायला ज्या बाजूने जातात, ती सोडून दुसरी.

उजेड

बोर्डाभोवतीचं एलईडी कडं हा सर्वात कामाचा खर्च. एकाच बाजूने दिवा असला की बाणाची सावली दुसऱ्या बाणासारखी दिसते. ते कडं मंद करून वापरू नका; बरेच एलईडी मंद केले की चित्रात आडवे पट्टे सरकतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० ची असेल तर १/६० किंवा १/१२०.

ऑटो फोकस, ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, तिन्ही बंद. नाहीतर खेळाडू बाण काढायला पुढे गेला की कॅमेरा त्याच्या शर्टावर फोकस धरतो, आणि तो परत फिरल्यावर पहिला बाण धूसर बोर्डात बसतो.

खेळाडूचा कॅमेरा

खेळाडूला दाखवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याला नियम उलटा. बोर्डावरचा बाण स्थिर असतो, तिथे सेकंदाला ३० फ्रेम पुष्कळ. हाताची हालचाल मात्र ६० मध्ये छान दिसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याची छाती डावीकडे वळलेली असते, त्यामुळे कॅमेरा त्याच्या डाव्या पुढच्या अंगाला ठेवा; उजवीकडून फेकणारा हातच चेहरा झाकतो. डावखुऱ्यासाठी उलट. १९२०×१०८० च्या पडद्यावर बोर्डाला १०८०×१०८० चा चौकोन दिला की ८४० रुंदीची उभी जागा उरते. फोन उभा धरून घेतलेलं चित्र वर-खाली कापून तिथे बसवता येतं.

जोडणी

दोन कॅमेरे एकाच यूएसबी हबवर लावले की पुष्कळदा दुसरा सुरूच होत नाही. वेगवेगळे पोर्ट वापरा किंवा दोन्ही एमजेपीईजीवर (चित्र दाबून लहान करून पाठवण्याचा प्रकार) ठेवा. साधी यूएसबी २.० केबल पाच मीटरपर्यंतच घ्या. अंतर जास्त असेल तर अ‍ॅक्टिव्ह (सिग्नल वाढवणारी) केबल लागते.

इंटरनेट शक्यतो तारेने. २०२० च्या एप्रिलमध्ये पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संस्थेने खेळाडूंच्या घरांतून 'होम टूर' भरवली, तेव्हा दोनदा विश्वविजेता ठरलेला गॅरी अँडरसनही घरच्या कमकुवत वाय-फायमुळे सुरुवातीला खेळू शकला नव्हता. ७२० च्या चित्राला सुमारे ३ एमबीपीएस अपलोड स्थिर मिळायला हवा. तो मिळत नसेल तर फ्रेम कमी करा, रेझोल्यूशन शेवटी.

सामन्याआधी ट्रिपल २० च्या तारेला लागून तीन बाण हाताने खोचा, स्ट्रीम सुरू करा आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या कुणाला तरी फोनवर गुण मोजायला सांगा. आकडा चुकला तर कॅमेरा बदलण्याआधी तो अर्धा फूट सरकवून पाहा, आणि तरीही जमत नसेल तर त्या चित्राचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा.