युद्ध चालू असताना निवडणूक: अंदाज बांधण्यामागचा इतिहास

युक्रेनमध्ये अमुक तारखेच्या आत राष्ट्रीय निवडणूक होईल का, या प्रश्नावर २०२३ पासून भाकितं रंगत आली आहेत. बहुतेकांची नजर आघाडीवरच्या बातम्यांवर आणि नेत्यांच्या विधानांवर असते. जुने दाखले चाळले की जास्त उपयोगाचा प्रश्न दुसराच निघतो: कोणीच काही केलं नाही, तर त्या देशात आपोआप काय होतं? मतदान, की मुदतवाढ?

अमेरिकेत आपोआप मतदान होतं. अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरलेला आणि तो पुढे ढकलण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही. म्हणून यादवी युद्ध पेटलेलं असतानाही १८६४ मध्ये मतदान झालं. आपण बहुधा हरणार, असं लिंकनने २३ ऑगस्टला एका कागदावर लिहिलं आणि तो न दाखवताच त्यावर मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटा पडलं, वारं फिरलं आणि तो जिंकला. निकालाचा अंदाज त्याचाही चुकला. निवडणूक होणार की नाही, याची शंका मात्र त्या कागदात नव्हती.

ब्रिटनमध्येही मुदत संपली की संसद बरखास्त व्हायची, पण मुदत वाढवायला साधा कायदा पुरत असे. डिसेंबर १९१० ला निवडलेली संसद १९१८ पर्यंत टिकली आणि १९३५ ची १९४५ पर्यंत. दुसऱ्या महायुद्धात ही मुदतवाढ एकेका वर्षाची होती.

इस्रायलने १९७३ मध्ये योम किप्पुर युद्धामुळे ३० ऑक्टोबरचं मतदान ३१ डिसेंबरवर नेलं. निवडणूक झाली, पण ती ऑक्टोबरात होईल म्हणणारा हरला असता. दक्षिण कोरियाचं १९५२ चं उदाहरण तर उफराटं आहे. राष्ट्रीय सभा आपल्याला पुन्हा निवडणार नाही हे दिसल्यावर अध्यक्ष सिंगमन री यांनी बुसानमध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, थेट मतदानाची घटनादुरुस्ती करून घेतली आणि ५ ऑगस्टला, युद्ध चालू असतानाच, निवडणूक जिंकली. नुसतं ‘युद्ध आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, ते असं.

युक्रेनने स्वतःही दोन्ही अनुभव घेतले आहेत. २०१४ मध्ये पूर्वेकडच्या डोनबासमध्ये लढाई चालू असताना मे महिन्यात अध्यक्षाची आणि ऑक्टोबरात संसदेची निवडणूक झाली, कारण मार्शल लॉ पुकारलेलाच नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये केर्चच्या सामुद्रधुनीत रशियाशी झालेल्या चकमकीनंतर अध्यक्ष पोरोशेंको यांनी तो साठ दिवसांसाठी मागितला. येऊ घातलेली अध्यक्षीय निवडणूक टाळण्याची ही खेळी तर नाही ना, असा संशय विरोधकांना आला. शेवटी तीस दिवस आणि तेही फक्त दहा प्रांतांत, यावर तडजोड झाली. त्याच बैठकीत ३१ मार्च २०१९ ही मतदानाची तारीखही संसदेने ठरवून टाकली.

फेब्रुवारी २०२२ पासून मार्शल लॉ देशभर आहे आणि त्या काळात निवडणुका घ्यायला कायद्याची मनाई आहे. म्हणून ऑक्टोबर २०२३ ची संसदीय आणि मार्च २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक झालीच नाही. इथे आपोआप होते ती मुदतवाढ. नवा अध्यक्ष पदावर येईपर्यंत जुना कारभार पाहतो, अशी घटनेतच तरतूद आहे. मार्शल लॉ मात्र संसद दर वेळी साधारण ९० दिवसांनी वाढवते, तेव्हा पाहायचं ते त्या मतदानाकडे.

पुढचा हिशोब भाकितातल्या तारखेपासून उलटा मोजायचा. निवडणूक संहितेप्रमाणे अध्यक्षीय निवडणुकीची प्रक्रिया ९० दिवसांची, संसदेची ६० दिवसांची. मतदारयाद्या, परदेशी गेलेले लाखो नागरिक आणि खंदकांतले सैनिक यांची सोय करायची, तर एवढे दिवसही कमीच पडतील. युद्धबंदी झाली म्हणजे मार्शल लॉ उठला असंही नाही; अनेक भाकितं इथेच घसरतात.

आणखी एक खाच: मार्शल लॉ उठल्यावर निवडलेली नवी संसद पहिल्यांदा बसेपर्यंत जुन्या संसदेची मुदत वाढते हे घटनेत लिहिलेलं आहे आणि मार्शल लॉच्या काळात घटना बदलता येत नाही. अध्यक्षीय निवडणुकीवरची मनाई मात्र साध्या कायद्यात आहे. तेव्हा ‘राष्ट्रीय निवडणूक’ म्हणजे नेमकी कोणती, हे शक्यतेचा आकडा मांडण्याआधी वाचून घ्यावं.