एकाच कार्बनचे वेगवेगळे आकडे

ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर फेरोसायनाइड या लोहाच्या संयुगाचा वेग स्थिरांक (इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण किती झटपट होते याचं माप) किती, याला छापील शोधनिबंधांतून एक उत्तर मिळत नाही. जास्तीत जास्त आणि कमीत कमी आकड्यांत शंभरपटीचा फरक सहज सापडतो. रसायन तेच, कार्बनही तोच. बदलतं ते पॉलिश आणि त्यानंतरची धुलाई. हा घोळ समजून घ्यायचा तर आधी पाऱ्याकडे जावं लागतं.

१९२२ साली प्रागमध्ये यारोस्लाव्ह हेरॉव्स्की यांनी थेंब-थेंब गळणारा पारा इलेक्ट्रोड म्हणून वापरला. दर काही सेकंदांनी थेंब गळायचा आणि साचलेली घाण घेऊन जायचा. पुढचं मापन कोऱ्या पृष्ठभागावर. या पद्धतीला, म्हणजे पोलरोग्राफीला, १९५९ चं नोबेल मिळालं. पण धन विभवाकडे (व्होल्टेजकडे) गेलं की पाऱ्याचंच ऑक्सिडीकरण होतं, त्यामुळे सेंद्रिय रेणूंचं ऑक्सिडीकरण त्यावर नीट अभ्यासता येईना.

कान्सास विद्यापीठातल्या राल्फ अ‍ॅडम्स यांनी मग कार्बनचाच गळता इलेक्ट्रोड करून पाहिला. तो फसला. हाती राहिला ग्राफाइटची भुकटी आणि तेलकट द्रव यांचा लगदा, आणि १९५८ मध्ये तोच ‘कार्बन पेस्ट इलेक्ट्रोड’ म्हणून पुढे आला. वापरलेला थर पुसायचा, नवा दाबून भरायचा: पाऱ्याची सवय सुटली नव्हती, आणि ते बरंच होतं. १९६० च्या दशकात ग्लासी कार्बन आला. टणक, चकचकीत, पण त्याचा पृष्ठभाग आपोआप नवा होत नाही. तो घासावा लागतो.

इलेक्ट्रॉनच्या उडीचा सिद्धांत रुडॉल्फ मार्कस यांनी १९५६ पासून मांडायला घेतला होता. १९६५ मध्ये निकल्सन यांनी चक्रीय व्होल्टामेट्रीत, म्हणजे विभव पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत, प्रवाहाच्या आलेखातल्या दोन शिखरांमधल्या अंतरावरून वेग स्थिरांक काढण्याची रीत दिली. एका इलेक्ट्रॉनची झटपट अभिक्रिया असेल तर २५ अंश सेल्सिअसला हे अंतर ५७-५८ मिलिव्होल्टच्या आसपास. अभिक्रिया मंद तशी शिखरं दूर. सोय मोठी होती, आणि माझ्या मते पुढचे बरेच गैरसमज या सोयीतूनच आले. ही रीत सपाट पृष्ठभाग आणि मोकळं विसरण (रेणूंचं द्रावणात आपोआप पसरणं) गृहीत धरते, हे वापरणारे हळूहळू विसरले.

१९७५ पासून पृष्ठभाग मुद्दाम बदलण्याचं पर्व सुरू झालं. रॉयस मरे यांच्या गटाने टिन ऑक्साइडवर सिलेन (सिलिकॉनयुक्त रेणू) बांधले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने कार्बनवर अमिनो आम्लाचा साधित रेणू जोडला. १९९२ मध्ये पिन्सन आणि सावेयाँ यांनी डायझोनियम क्षारांपासून कार्बनवर पक्का थर बसवून दाखवला.

बदलायचं काय, हे मात्र ओहायो स्टेटच्या रिचर्ड मॅक्रीरी यांच्या कामातून उलगडलं. ग्राफाइटच्या पापुद्र्याची कड वेगवान आणि सपाट बाजू मंद, असं त्यांना दिसलं. त्याहून मोलाची त्यांची वर्गवारी. रुथेनियम हेक्साअमाइन या धातूच्या संयुगाला पृष्ठभागावर काय आहे याची फारशी फिकीर नसते. पाण्यातल्या लोह आयनांना पृष्ठभागावर कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचे) गट हवे असतात. डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाला पृष्ठभागाला चिकटायला जागा लागते. म्हणजे ‘हा इलेक्ट्रोड वेगवान आहे का’ हा प्रश्नच अर्धवट. कोणत्या रेणूसाठी, ते आधी सांगायला हवं.

१९९६ मध्ये नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर) डोपामाइनची अभिक्रिया झपाट्याने होते असं प्रसिद्ध झालं आणि ‘उत्प्रेरका’च्या दाव्यांचा पूर आला. ऑक्सफर्डच्या रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने त्यावर बरंच पाणी ओतलं. काही ठिकाणी कमाल नळीच्या उघड्या टोकांची होती, काही ठिकाणी तयार करताना मागे राहिलेल्या धातूची. कधी तर सच्छिद्र थरात द्रावण अडकल्यामुळेच शिखरं जवळ येत होती. इलेक्ट्रॉनचा वेग होता तिथेच.

मग २०१२ च्या सुमारास वॉरविकच्या पॅट्रिक अनविन यांच्या गटाने बारीक नळीच्या टोकावरचा द्रावणाचा थेंब ग्राफाइटवरून फिरवत जागोजागी मापन केलं. सपाट बाजूही चांगलीच सक्रिय निघाली. अट एवढीच, की ती ताजी हवी. चिकटपट्टीने पापुद्रा सोलला आणि हवेत ठेवून दिला, तर फेरोसायनाइडचा वेग घसरतो. त्यामुळे पापुद्रा सोलल्यावर किती वेळाने मापन केलं, हा तपशीलही आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरला.