मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी : कोल्हापूर परिसरातील व्यवहार

विंडोज ही कार्यप्रणाली, म्हणजे संगणक चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, आणि वर्ड-एक्सेल असलेले ऑफिस यांच्या जोरावर मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने १९९०च्या दशकापासून टेबलावरच्या संगणकावर पकड बसवली. ती कशी बसली आणि कोल्हापुरातील फाउंड्री, पतसंस्था, छपाईची दुकाने व करसल्लागारांची कार्यालये यांच्या रोजच्या कामात ती आजही का सुटत नाही, याची ही नोंद आहे. माल सरस म्हणून गिऱ्हाईक टिकले, एवढ्याने हे कोडे सुटत नाही. करार, फाइलचा साचा आणि जुन्या कामाचा साठा ही पकडीची खरी कारणे आहेत.

बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी १९७५मध्ये कंपनी काढली. १९८१मध्ये आयबीएमच्या संगणकासाठी डॉस ही विंडोजच्या आधीची कार्यप्रणाली पुरवताना ती इतरांना विकण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. आयबीएमसारखे संगणक बनवणारे पुढे शेकड्यांनी निघाले आणि प्रत्येकाला डॉस लागली. पुढचा करार आणखी कडक होता. संगणक उत्पादकाने ठरावीक प्रोसेसरचा जेवढा माल विकला, तेवढ्या प्रत्येक नगावर मायक्रोसॉफ्टला रक्कम द्यायची, मग त्यात डॉस घातलेली असो वा नसो. डीआर-डॉससारखी स्पर्धक प्रणाली घालायची तर दोनदा पैसे मोजावे लागत. अमेरिकी सरकारशी १९९४मध्ये झालेल्या तडजोडीत ही पद्धत बंद करावी लागली, पण तोवर बाजार ताब्यात आला होता.

दुसरी पद्धत जोडून देण्याची. नेटस्केप हा ब्राउझर वाढू लागला तसा इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजसोबत फुकट देण्यात आला. अमेरिकेच्या न्याय विभागाने व वीस राज्यांनी मे १९९८मध्ये खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी जून २०००मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. अपील न्यायालयाने जून २००१मध्ये तुकड्यांचा आदेश रद्द केला, मात्र मक्तेदारी बेकायदा मार्गाने राखल्याचा ठपका मुख्यतः कायम ठेवला. युरोपीय आयोगाने मीडिया प्लेअर जोडून दिल्याबद्दल आणि सर्व्हरची तांत्रिक माहिती स्पर्धकांपासून राखून ठेवल्याबद्दल २००४मध्ये सुमारे ४९.७ कोटी युरोचा दंड केला. ब्राउझर निवडण्याची सोय देण्याचा शब्द मोडल्याबद्दल २०१३मध्ये ५६.१ कोटी युरोचा दंड झाला. टीम्स हे बैठका-संदेशांचे सॉफ्टवेअर ऑफिससोबत गळ्यात मारण्याच्या प्रकरणात आयोगाने सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीची हमी स्वीकारली. भारतात वर्चस्वाच्या गैरवापराला स्पर्धा कायदा, २००२ मधील कलम ४ लागू होते. हे कलम २० मे २००९पासून अमलात आहे.

जॅक्सन यांच्या निकालातील सर्वांत मोलाचा भाग असा : लोक कार्यप्रणाली पाहून संगणक घेत नाहीत, तिच्यावर कोणती सॉफ्टवेअरे चालतात ते पाहून घेतात. सॉफ्टवेअर लिहिणारे जिथे गिऱ्हाईक जास्त तिथेच लिहितात, म्हणून नव्या प्रणालीला शिरकावच मिळत नाही. हे कोल्हापुरात उघड्या डोळ्यांनी दिसते.

फाउंड्री आणि पतसंस्था

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्रीत वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासतात. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण शेजारच्या संगणकावर उमटते आणि त्यावरून मालासोबतचे प्रमाणपत्र निघते. यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते, त्याचे सॉफ्टवेअर मात्र ज्या विंडोजसाठी लिहिले तिच्यावरच चालते. म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात अजून विंडोज एक्सपी दिसते, जिला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या) मशीनला जुन्या सिरियल पोर्टमधून प्रोग्रॅम पाठवणारे संगणक आणि साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाडीचे वजन नोंदणारे संगणक यांचीही बहुधा हीच गत असते.

असा संगणक बदलता येत नसेल, तर निदान त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवावी. हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती एकदा तरी चालवून पाहावी. डिस्क गेल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचे तर परवान्याची फाइल आणि यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र व संगणक जोडणारा प्रोग्रॅम, दोन्ही लागतात. बहुतेक ठिकाणी यातले एक हरवलेले असते. पेन ड्राइव्हने अहवाल बाहेर काढताना विषाणू उलट आत जातो, म्हणून त्या कामाचा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवावा.

पतसंस्थांची कथा वेगळी. डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रो या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेक संस्थांची खातेवही बांधली गेली. फॉक्सप्रो बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये विकत घेतली. शेवटची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, २००४मध्ये आली आणि जानेवारी २०१५मध्ये तिचा आधारही, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या व मदत, संपला. ६४-बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम मुळातच चालत नाहीत आणि विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही. त्यामुळे संगणक बदलला की पासबुकाची छपाई थांबते. तात्पुरता उपाय म्हणजे डॉसबॉक्ससारख्या फुकट अनुकरण-प्रणालीत तो प्रोग्रॅम चालवणे. कायमचा उपाय करायचा तर डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या, फाइलींतला मजकूर नव्या प्रणालीत नेताना दोन गोष्टी तपासाव्यात. एक, सर्व खात्यांची शिल्लक-बेरीज पैशापर्यंत जुळते का. दोन, खातेदारांची नावे शाबूत आहेत का. मराठी नावे जुन्या फाँटमध्ये असली तर दुसरीच गोष्ट आधी बिघडते.

मराठी फाँटचा पेच

विंडोज २०००सोबत मंगल हा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी जागतिक पद्धत) फाँट येईपर्यंत मराठी टंकनासाठी श्रीलिपी, आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअरे वापरात होती. त्यांत देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी दिसते. लग्नपत्रिका आणि निविदांचे वीस-पंचवीस वर्षांचे साठे याच रूपात पडून आहेत. २००१चे पेजमेकर ७, जे ॲडोबीचे आहे, युनिकोड मराठी हाताळत नाही. तरीही जुन्या कामासाठी छपाईवाले ते जपतात आणि त्यासोबत जुनी विंडोजही जपावी लागते. रूपांतर करताना त्याच फाँटसाठी बनवलेला परिवर्तक वापरावा, मूळ फाइल तशीच ठेवावी आणि रफार, ऱ्या-ऱ्हा, ॲ, ज्ञ व आकडे नजरेखालून घालावेत. चुका हमखास याच ठिकाणी सापडतात.

परवाना

नव्या संगणकासोबत येणारी विंडोज बहुधा ओईएम, म्हणजे संगणक उत्पादकामार्फत मिळणाऱ्या, परवान्याची असते आणि तो परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरात शाहूपुरी परिसरात पाणी शिरले. अशा वेळी भिजून मदरबोर्ड गेला की त्याच्यासोबत परवानाही जातो. वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र दुसऱ्या संगणकावर नेता येतो. तो मायक्रोसॉफ्ट खात्याला आधीच जोडून ठेवला असेल तर काम सोपे होते. खरेदीच्या बिलावर विंडोज ही ओळ वेगळी लिहून घ्यावी, कारण "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो" असे सांगणाऱ्या दुकानात परवाना दिला जातोच असे नाही. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. चोरीच्या प्रतींनी मक्तेदारी ढिली होत नाही, उलट घट्टच होते, कारण हात त्याच सॉफ्टवेअरला सरावतात.

हात सरावण्याचे काम सरकारनेही केले. २००१पासून चालू असलेल्या एमएस-सीआयटी या महाराष्ट्रातील संगणक-साक्षरता अभ्यासक्रमात लाखोंनी विंडोज आणि ऑफिसवरच संगणक शिकला. जीएसटीच्या वार्षिक विवरणाची, म्हणजे जीएसटीआर-९ची, ऑफलाइन सोय मॅक्रो (फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असलेल्या एक्सेल फाइलीत दिलेली आहे आणि टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते. करसल्लागाराला पर्याय सुचवणे म्हणूनच व्यवहारात अवघड जाते.

विंडोज १०नंतर

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगले चालणारे असंख्य संगणक बाद ठरले. ही अडवणूक आहे. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. टीपीएम अनेकदा मदरबोर्डवर असतो, पण बंद ठेवलेला असतो. म्हणून संगणक मोडीत काढण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन पाहावे.

केवळ पत्रे, कोटेशने आणि बिले करणाऱ्या संगणकावर लिनक्स ही फुकट कार्यप्रणाली आणि लिबरऑफिस हे ऑफिससारखे फुकट सॉफ्टवेअर पुरेसे होते. डीओसीएक्स, म्हणजे वर्डची, फाइल तिथे उघडल्यावर ओळी सरकतात, त्यामागे बहुतेक वेळा कॅलिब्री फाँट नसणे हे कारण असते. त्याच मापाचा कार्लिटो फाँट टाकला की पाने जागेवर येतात. मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली मात्र अर्धवट चालतात, त्यासाठी एक विंडोज संगणक राखून ठेवावा. बाहेर पाठवायचे कागद पीडीएफमध्ये द्यावेत आणि कार्यालयातले ओडीएफमध्ये ठेवावेत. ओडीएफ हा लिबरऑफिसचा खुला फाइल-साचा असून तो २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल (डीओसीएक्सचा) साचा २००८मध्ये मानक म्हणून मंजूर झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले होते. कार्यालय बदलायचे असेल तर आधी कार्यप्रणालीला हात न लावता विंडोजवरच लिबरऑफिस टाकावे, महिना-दोन महिने सवय होऊ द्यावी आणि प्रिंटर व डिजिटल सहीचे टोकन लिनक्सवर चालते का हे एका संगणकावर पाहून मगच बाकीचे संगणक बदलावेत. अशा बदलात घोडे बहुधा टोकनच्या ड्रायव्हरपाशी अडते.