हृदयाची स्वतःची वीज : शेवटाकडून उगमाकडे गेलेला शोध

छातीतून बाहेर काढलेलं हृदय काही काळ धडधडत राहतं, हे दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याला ठाऊक होतं. इंग्लिश डॉक्टर विल्यम हार्वेनं १६२८ साली रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ फ्रँकफर्टला छापून घेतला. त्यात मरणाऱ्या जनावराचं हृदय कोणत्या क्रमानं थंडावतं, याचीही नोंद आहे. आधी डावं निलय (खालचा कप्पा) थांबतं, मग डावं अलिंद (वरचा कप्पा), मग उजवं निलय आणि सर्वांत शेवटी उजवं अलिंद. हृदय हा पंप आहे हे हार्वेनं दाखवलं, पण तो पंप चालू कोण करतं हा प्रश्न तसाच राहिला. उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर, त्या शेवटपर्यंत फडफडणाऱ्या उजव्या अलिंदातच होतं. ते सापडायला पुढे २७८ वर्षं लागली.

आज बारावीच्या विद्यार्थ्याला हे चित्र तोंडपाठ असतं. उजव्या अलिंदाच्या वरच्या कोपऱ्यात, वरची महाशीर जिथे येऊन मिळते तिथे एसए नोड नावाची पेशींची गाठ असते आणि ती मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विद्युत संदेश सोडतो. संदेश दोन्ही अलिंदांत पसरतो, ती आकुंचन पावतात. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतुमय ऊतीचा पडदा आहे. तो ओलांडायची वाट एकच, एव्ही नोड या दुसऱ्या गाठीतून. तिथे संदेश सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका रेंगाळतो, तेवढ्यात अलिंदांतलं रक्त निलयांत उतरतं. मग हिस बंडल हा तंतूंचा जुडगा, त्याच्या उजव्या-डाव्या शाखा, आणि शेवटी निलयांच्या आतल्या बाजूला पसरलेलं पुरकिंजे तंतूंचं जाळं. पाठ्यपुस्तकात हा प्रवास उगमापासून शेवटापर्यंत सांगितला जातो. शोध मात्र बरोबर उलटा लागला : नळापासून सुरुवात करून, पाइप चाचपत, सगळ्यांत शेवटी टाकीपर्यंत.

नळ सापडला १८३९ मध्ये. झेक शास्त्रज्ञ यान पुरकिंजे तेव्हा ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) इथे प्राध्यापक होता. मेंढीच्या निलयाच्या आतल्या अस्तराखाली त्याला करडे, बुळबुळीत तंतूंचं जाळं दिसलं. ते कशासाठी आहे हे त्याला कळलं नाही, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं इतर कुणालाही कळलं नाही. विज्ञानात अशा नोंदी पुष्कळ असतात. दिसलेलं असतं, पण ते ठेवायला जागा नसते.

जागा नव्हती, कारण त्या काळचं सगळं लक्ष मज्जातंतूंकडे होतं. १८४४ मध्ये रोबर्ट रेमाकला बेडकाच्या हृदयात मज्जापेशींचे पुंजके सापडले. पुढच्याच वर्षी वेबर बंधूंनी मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेचा झटका दिला, तर हृदय चक्क थांबलं. मज्जातंतू हृदयाला थांबवू शकतो, तर चालवतही तोच असणार, असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा असला तरी मूर्खपणाचा म्हणता येत नाही. त्या काळी स्नायू म्हणजे हुकमाचा ताबेदार असंच समजलं जाई. स्नायू स्वतःच ठेका धरू शकतो, ही कल्पनाच अनेकांना पटत नव्हती.

या समजुतीला तडा गेला तो केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केलमुळे. १८८० च्या दशकात त्यानं कासवाच्या हृदयावर प्रयोग केले. कासवाचं हृदय संथ चालतं, त्यामुळे अलिंदाकडून निलयाकडे जाणारी लाट नुसत्या डोळ्यांनी दिसते. दोहोंमधली स्नायूची पट्टी तो थोडी थोडी कापत गेला. पट्टी अरुंद झाली तसे काही ठोके पलीकडे पोहोचेनासे झाले. दोनांतला एक, मग तोही नाही. पट्टी पूर्ण तुटल्यावर निलय आपल्या वेगळ्या, सावकाश चालीनं चालू लागलं. संदेश मज्जातंतूंतून नव्हे तर स्नायूतूनच जातो, हे यातून स्पष्ट होत होतं. आज डॉक्टर ज्याला हार्ट ब्लॉक म्हणतात, तो हाच प्रकार. अँजिओप्लास्टीवाल्या ब्लॉकेजशी, म्हणजे रक्तवाहिनी तुंबण्याशी, त्याचा संबंध नाही.

कासवाचं खरं, पण माणसाचं काय? सस्तन प्राण्यांत अलिंद आणि निलय यांना जोडणारा स्नायूच नाही, असं तेव्हाचे शरीररचनाकार ठामपणे सांगत. १८९३ मध्ये लाइपझिगच्या तरुण विल्हेल्म हिसला तो पूल सापडला. गर्भाच्या हृदयाचा अभ्यास करताना, मज्जापेशी तिथवर पोहोचण्याआधीच हृदय धडधडू लागतं हे त्यानं पाहिलं होतं. मग दोन कप्प्यांना जोडणारी स्नायूची वाट असलीच पाहिजे, असं धरून तो शोधत राहिला. तरी वाद मिटला नाही. अमेरिकेत अँटन कार्लसननं १९०४ च्या सुमारास हॉर्सशू खेकड्याचं हृदय खरोखरच मज्जापेशींवर चालतं हे दाखवून दिलं आणि मज्जातंतूवाद्यांना पुन्हा बळ आलं. कार्लसनचा प्रयोग अचूक होता. फक्त तो प्राणी आपल्यापासून फार दूरचा.

या सगळ्या सुट्या तुकड्यांचा एक नकाशा ज्यानं केला, त्याचं नाव सुनाओ तवारा. जपानहून १९०३ मध्ये तो जर्मनीतल्या मारबुर्गला लुडविग आशॉफच्या प्रयोगशाळेत आला. सुरुवातीचं काम वेगळंच होतं. हृदय निकामी होऊन मेलेल्या रोग्यांच्या स्नायूत दाहाच्या खुणा शोधायच्या होत्या. दीडशेच्या आसपास हृदयं तपासूनही हाती काही समाधानकारक लागलं नाही, तेव्हा तो हिसच्या बंडलकडे वळला. मेंढी, कुत्रा, मांजर, माणूस अशा हृदयांचे पातळ काप काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहायचे, आणि एकच धागा या कापातून त्या कापात हरवू न देता पुढे न्यायचा. कंबरडं मोडणारं काम. बंडलच्या वरच्या टोकाला त्याला पेशींची गुंतागुंतीची गाठ दिसली, तोच एव्ही नोड. खालच्या टोकाला बंडल दोन शाखांत फुटून शेवटी ज्या तंतूंना मिळत होता, ते होते पुरकिंजेचे तंतू. ६७ वर्षं बेवारस पडलेल्या त्या जाळ्याला काम सापडलं. १९०६ साली तवाराचा प्रबंध जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो फुकुओकाला प्राध्यापक झाला. हिस आणि पुरकिंजे यांची नावं रोज वॉर्डात उच्चारली जातात. नकाशा काढणाऱ्याचं नाव मात्र बहुतेक एमबीबीएस विद्यार्थ्यांच्याही कानावर पडत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

उगम सापडला तो १९०६ मध्येच, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका खेड्यात. शरीररचनाकार आर्थर कीथनं तवाराचं काम पडताळून पाहिलं होतं. उन्हाळ्यात तो ब्रेडगर गावच्या घरी राहायला गेला, सोबत मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीय विद्यार्थी. एके दिवशी कीथ पती-पत्नी सायकलवरून फिरून परतले, तर फ्लॅक सूक्ष्मदर्शकापाशी उत्तेजित होऊन बसलेला. चिचुंदरीसारख्या, जमिनीत बिळं करणाऱ्या मोल या प्राण्याच्या उजव्या अलिंदात, महाशिरेच्या तोंडाशी, त्याला तवाराच्या गाठीसारखीच रचना दिसली होती. दोघांनी मग इतर सस्तन प्राण्यांतही ती शोधली. १९०७ मध्ये शोधनिबंध आला. हार्वेनं जिथे शेवटची हालचाल पाहिली होती, त्याच कप्प्यात ही गाठ होती.

अर्थात सूक्ष्मदर्शकाखाली गाठ दिसली म्हणून ठोका तिथेच जन्मतो हे सिद्ध होत नाही. त्यासाठी वीज मोजावी लागते, आणि ती गोष्ट वेगळ्या वाटेनं पुढे आली होती. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलरनं १८८७ साली छातीवरूनच माणसाच्या हृदयाची वीज टिपली. त्याचा बुलडॉग जिमी मिठाच्या पाण्यात पाय बुडवून प्रात्यक्षिकांना उभा राही. १९०९ मध्ये हा प्राण्यावरचा अत्याचार नाही काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. रुग्णालयांत या तंत्राचा फारसा उपयोग होईल असं खुद्द वॉलरला वाटत नव्हतं. ते काम जावामध्ये जन्मलेल्या, लायडनच्या विलेम आइंटहोवेननं केलं. चांदीचा मुलामा दिलेली क्वार्ट्‌झची अतिबारीक तार चुंबकांमध्ये ताणून त्यानं १९०१ मध्ये अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारा गॅल्व्हानोमीटर बनवला. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं, चुंबक थंड ठेवायला वाहतं पाणी. रुग्णाला यंत्रापर्यंत आणणं अवघड, म्हणून १९०५ मध्ये त्यानं दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून ईसीजी मागवला. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. याच यंत्राच्या मदतीनं लंडनच्या थॉमस लुइसनं १९१० मध्ये दाखवलं की हृदयात वीज सर्वांत आधी एसए नोडपाशीच उमटते.

रचना कळली, तरी हा नोड स्वतःहून का पेटतो ते कळायला १९७९ उजाडावं लागलं. डारिओ डिफ्रान्चेस्को आणि त्याच्या ऑक्सफर्डच्या सहकाऱ्यांना नोडच्या पेशीत आत येणारा एक विचित्र विद्युतप्रवाह सापडला. पेशी विश्रांतीला टेकते न टेकते तोच तो सुरू होतो आणि तिला पुढच्या ठोक्याकडे ढकलतो. हृदयाची गती कमी करणारं आयव्हाब्रॅडीन हे औषध याच प्रवाहाला आवर घालतं.

शल्यचिकित्सकांना या नकाशाची किंमत कळली ती जरा महागात पडून. १९५० च्या दशकात मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातल्या पडद्यांची छिद्रं शिवत असे. छिद्र बहुधा हिस बंडलच्या अगदी लगत असतं. टाका चुकला की बंडल दुखावतो आणि मुलाला हार्ट ब्लॉक होतो. म्हणून हृदयाला तार टोचून भिंतीतल्या विजेवर चालणारं यंत्र जोडलं जाई. ३१ ऑक्टोबर १९५७ ला तिथली वीज गेली. त्यानंतर अर्ल बॅकन या तंत्रज्ञानं काही आठवड्यांत बॅटरीवर चालणारा, अंगावर बाळगता येणारा पेसमेकर तयार केला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमला पहिला पेसमेकर शरीराच्या आत बसवला गेला.

मात्र कित्येक दशकं पेसमेकरची तार उजव्या निलयाच्या टोकाशी, सोयीच्या जागी टेकवली जात होती. तिथून निघालेली वीज हृदयाच्या नैसर्गिक वाटेनं जात नाही, स्नायूतून रांगत जाते. दोन निलयांचं आकुंचन मागेपुढे होतं आणि काही रुग्णांचं हृदय कालांतरानं कमजोर पडतं. २००० साली अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तार थेट हिस बंडलवर कायमची बसवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये चीनमधल्या वेन्झोउच्या हुआंग वेइजियान यांच्या गटानं ती दोन निलयांमधल्या पडद्यात खोल स्क्रूसारखी फिरवत डाव्या शाखेपर्यंत नेली. ही पद्धत आता अनेक देशांत रुळते आहे. तार नेमकी कुठे टोचायची ती जागा तवाराच्या १९०६ च्या प्रबंधात काढून ठेवलेली आहे.